वादळाची वर्दी आणि घरातील रेडिओ

१८९५ सालच्या मे महिन्यात, ७ तारखेस, अलेक्झांडर पोपोव्ह या रशियन भौतिकीविज्ञाने सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वानांच्या सभेपुढे एक लहानसे उपकरण मांडले. पोपोव्ह हा क्रोनस्टाट येथील नौदलाच्या विद्यालयात अध्यापक होता. त्याच्या उपकरणात एक काचेची नळी होती, नळीत धातूचा कीस होता आणि नळीला एक विद्युत्-घंटा जोडलेली होती. दूर कोठे वीज चमकली की तिच्यापासून निघालेली विद्युच्चुंबकीय लहर या नळीपर्यंत येई, किसाचे कण परस्परांस चिकटत, त्यांतून प्रवाह वाहू लागे आणि घंटा वाजे. घंटेचाच लहानसा हातोडा परतताना नळीवर टिचकी मारी. त्यामुळे कीस पुन्हा सुटा होई आणि उपकरण पुढील विजेची वाट पाहू लागे. त्याच वर्षी हे उपकरण सेंट पीटर्सबर्गच्या वनविद्या संस्थेतील वेधशाळेत बसविण्यात आले आणि येणाऱ्या वादळांची नोंद करू लागले. माणसाचा शब्द वाहून नेण्याच्या पुष्कळ आधी रेडिओ ग्राहकाने वादळाची वर्दी दिली, असे म्हणता येते.

भिलाईसारख्या गावात या कथेला थोडा आपलेपणाही आहे. येथील पोलाद कारखाना १९५५ साली झालेल्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. जे तंत्रज्ञ त्या काळी येथे राहून गेले, त्यांच्या देशात ७ मे हा दिवस पोपोव्हच्या स्मरणार्थ रेडिओ दिन म्हणून पाळला जात असे. या दिवसाचा हंगामही ध्यानात घेण्याजोगा आहे. छत्तीसगडच्या मैदानात मेचा पहिला आठवडा म्हणजे वळवाचे दिवस.

समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरील या मैदानात मार्चपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दिवसभर जमीन तापते आणि दुपार कलली की ढगांचे मनोरे उभे राहतात. मे महिन्यात पारा कधी कधी ४५ अंश सेल्सियसपर्यंत जातो. मग एखाद्या संध्याकाळी धुळीचा लोट, त्यामागून सोसाट्याचा वारा, विजा, कधी गारा आणि अर्ध्या तासाचा पाऊस, असा क्रम घडतो. जूनच्या मध्याच्या सुमारास मोसमी पाऊस पोहोचला की वादळांचे रूप बदलते. बंगालच्या उपसागरावर निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशाचा किनारा ओलांडून पश्चिमेस व वायव्येस सरकतात आणि त्यांच्या वाटेवर छत्तीसगड येते. असा पट्टा एक-दोन दिवस रेंगाळला की शिवनाथ नदीचे पाणी दुर्गजवळ चढू लागते. शिवाय पावसाळ्याच्या आरंभी आणि अखेरीस विजांचे प्रमाण पुष्कळच असते.

या विजा किती माणसे मारतात हे शहरवासीयांस सहसा ठाऊक नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात २,८८७ माणसे वीज पडून मृत्यू पावली. नैसर्गिक आपत्तींत दगावणाऱ्यांत, एकदोन असाधारण वर्षे सोडली तर, सर्वांत मोठा वाटा विजेचाच असतो. मध्य प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंड व छत्तीसगड ही राज्ये या यादीत पुढे असतात. मरणारे बहुधा शेतात असतात. कोणी भाताची लावणी करीत असतो, कोणी गुरे वळीत असतो, तर कोणी पावसापासून आडोसा म्हणून झाडाखाली उभा असतो. अर्ध्या तासाची पूर्वसूचना त्यांपैकी पुष्कळांना पुरली असती. वादळ येणार की नाही हे सांगणारे शास्त्र आता बरेच पुढे गेले आहे. उरलेला प्रश्न हा की, वेधशाळेतील माणसाला जे कळले ते ज्याच्या डोक्यावर ढग आहे त्याच्यापर्यंत वेळेत कसे पोहोचावे.

परदेशी यंत्र आणि येथील वस्तुस्थिती

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर म्हणून एक स्वतंत्र जातीचा रेडिओ अनेक घरांत दिसतो. तेथील सरकारी हवामान-सेवेची एक हजाराहून अधिक प्रक्षेपण केंद्रे असून ती १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील सात ठराविक वाहिन्यांवर अहोरात्र केवळ हवामानाची माहिती देत असतात. १९७४ च्या एप्रिलमध्ये एका दिवसात दीडशेच्या आसपास चक्रवाती झोतांनी अमेरिकेतील अनेक राज्ये उद्‌ध्वस्त केली. त्यानंतर, १९७५ साली, घरापर्यंत थेट इशारा पोहोचविण्याचे शासकीय साधन म्हणून या सेवेला मान्यता मिळाली. घरातील रेडिओ एरवी मूक असतो. इशारा प्रसृत करण्यापूर्वी केंद्र एक सांकेतिक आवाज सोडते. त्या आवाजाने ग्राहकयंत्र जागे होते, कर्कश घंटा वाजविते आणि मग निवेदन ऐकविते. प्रत्येक जिल्ह्याला सहा आकडी संकेतांक असतो. तो यंत्रात भरून ठेवला की शेजारच्या जिल्ह्याच्या इशाऱ्याने मध्यरात्री घर जागे होत नाही. झोपलेल्या माणसाला उठविणे हाच या यंत्राचा खरा गुण आहे.

हे वर्णन वाचून परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकरवी असे यंत्र मागविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा. भारतात या पट्ट्यावर हवामानाचे प्रक्षेपण होत नाही. येथे आणलेले यंत्र या सातही वाहिन्यांवर केवळ खरखर ऐकवील आणि त्याची घंटा कधीही वाजणार नाही. घंटा वाजली नाही म्हणजे धोका नाही, असे घरातील लोक समजू लागले तर ते यंत्र निरुपयोगीच नव्हे, घातकही ठरेल.

भारताने मात्र अशाच कल्पनेवर आधारलेली एक व्यवस्था वेगळ्या मार्गाने उभी केली होती, आणि तिचा इतिहास सांगण्याजोगा आहे. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले आणि समुद्राच्या लाटेने कृष्णा नदीच्या मुखाजवळील दिवीसीमा भागातील गावे धुऊन नेली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. वादळाची कल्पना हवामान खात्यास होती. परंतु किनाऱ्यावरील झोपडीपर्यंत जाणारी वाट तार, दूरध्वनी आणि रस्ता यांवरून जात होती, आणि वाऱ्याने प्रथम मोडतात त्या याच तीन गोष्टी. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी उपग्रह अवकाशात गेल्यानंतर या वाटेलाच बगल देण्याची सोय झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यास आंध्र व तामिळनाडूच्या किनाऱ्यावर खास ग्राहकयंत्रे बसविण्यात आली. वादळ-सूचना केंद्रातून उपग्रहामार्फत संदेश निघे. त्यात ज्या जिल्ह्यांना धोका आहे त्यांचे संकेत असत आणि केवळ तेथील यंत्रांचा भोंगा वाजून स्थानिक भाषेत सूचना ऐकू येई. ही यंत्रे घरांसाठी नव्हती. ती शासकीय कचेऱ्या, पोलीस ठाणी अशा ठिकाणी होती, आणि त्यापुढील काम माणसांनी करावयाचे होते. तरीही तारा तुटल्या असताना बोलणारे यंत्र ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलीन हे अतितीव्र चक्रीवादळ गोपाळपूरजवळ धडकले, तेव्हा सुमारे दहा लाख माणसांना आधीच हलविण्यात आले होते आणि मृतांची संख्या काही दशकांतच राहिली. त्याचे श्रेय कोणा एका यंत्राचे नव्हे. पण १९७७ आणि २०१३ यांतील अंतर मुख्यतः संदेशवहनाचे आहे, हे नाकारता येणार नाही.

किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भिलाईत असा भोंगा कधी बसविला गेला नाही. येथील गृहस्थाला आपली व्यवस्था बाजारात मिळणाऱ्या साध्या साधनांतूनच जुळवावी लागते. या व्यवस्थेत दोन भाग हवेत. एक जागे करणारा आणि दुसरा, पहिला बंद पडल्यावरही बोलत राहणारा.

जागे करणारा भाग आता बहुतेकांच्या खिशातच असतो. भारतात मोबाइल मनोऱ्यांवरून विशिष्ट भागातील सर्व दूरध्वनींवर एकाच वेळी आपत्ती-सूचना प्रसृत करण्याच्या चाचण्या २०२३ साली झाल्या. तेव्हा अनेकांच्या हातातील दूरध्वनी एकाएकी मोठ्याने वाजून पडद्यावर चाचणीचा मजकूर उमटला होता. ही पद्धत नेहमीच्या लघुसंदेशाहून भिन्न आहे. लघुसंदेश प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्रपणे जातो आणि गर्दीच्या वेळी तासन् तास रखडतो. येथे मनोरा एकदाच बोलतो आणि त्याच्या टप्प्यातील सारे दूरध्वनी ऐकतात, अगदी रेडिओप्रमाणे. दूरध्वनीच्या मांडणीत आपत्कालीन सूचनांची कळ चालू आहे ना, हे पाहून घेणे हे पहिले काम. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०२० साली उपलब्ध करून दिलेले ‘दामिनी’ हे साधन याच्या जोडीला ठेवावे. देशभर पसरलेल्या संवेदकांच्या जाळ्याने टिपलेल्या विजा ते नकाशावर दाखविते आणि जवळपास वीज पडण्याचा संभव असल्यास तसे कळविते. ज्याच्या घरातील कोणी शेतावर जातो, त्याच्या दूरध्वनीत ते असलेच पाहिजे.

हे सारे वीज आणि मनोरा चालू असेपर्यंत. मोठ्या वादळात प्रथम घरातील दिवे जातात, काही तासांनी मनोऱ्याच्या विद्युत्-घटांतील शक्ती संपते, आणि दूरध्वनी मुका होतो. नेमक्या त्या वेळी पुराचे पाणी कोठवर आले, कोणता रस्ता बंद आहे, पाऊस किती वेळ चालेल, हे कळण्याची गरज सर्वाधिक असते. अनेक किलोमीटरवरून येणारा आणि दोन घटांवर चालणारा साधा रेडिओ तेव्हा उपयोगी पडतो.

रेडिओची निवड

दुकानदार प्रथम दाखवितो ते यंत्र बहुधा गाणी ऐकण्याचे असते. त्यात मोठा ध्वनिवर्धक, रंगीत दिवे आणि दूरध्वनीशी जोडण्याची सोय असते, पण मध्यम लहरींचा पट्टाच नसतो. या कामासाठी त्याचा उपयोग थोडा. मध्यम लहरी आणि एफ. एम. हे दोन्ही पट्टे असलेले लहान यंत्र घ्यावे. कारण दोघांचे गुण वेगळे आहेत. एफ. एम.चे प्रक्षेपण जवळजवळ दृष्टिरेषेत जाते. ते स्वच्छ ऐकू येते, पण साधारण पन्नास-साठ किलोमीटरच्या पलीकडे क्षीण होते. भिलाईपासून रायपूर तीस किलोमीटरच्या आतच असल्याने ही अडचण शहरात जाणवत नाही. खेड्याकडे, विशेषतः डोंगराआड, जाणवते. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात आणि रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. आकाशवाणीचे रायपूर केंद्र १९६३ साली सुरू झाले, आणि छत्तीसगडच्या शेतकऱ्याला हवामानाचे वृत्त कळण्याचा मार्ग पुढे अनेक वर्षे याच लहरींतून जात होता. अलीकडच्या काळात आकाशवाणीने देशातील मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपके बंद केली असून भर एफ. एम.वर दिला आहे. म्हणून यंत्र विकत घेताना दुकानातच दोन्ही पट्ट्यांवर आकाशवाणी लावून पाहावी. जी लागेल तिच्या कंप्रतेचा आकडा कागदावर लिहून यंत्राच्या पाठीस चिकटवावा. अंधारात, घाईत, आणि कदाचित घरातील मुलाने किंवा आजीने हे यंत्र लावावयाचे असते, याचा विसर पडू नये.

त्याच कारणाने यंत्र साधे असावे. फिरविण्याची तबकडी असलेले जुन्या घडणीचे ट्रान्झिस्टर अंधारात हाताने लावता येते. आकड्यांच्या पडद्याचे यंत्र अचूक असले तरी घट बदलताना त्यातील स्मरणात ठेवलेली केंद्रे पुसली जाणार नाहीत, याची खात्री करून घ्यावी. विद्युत्-घट बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या जातीचे असावेत. ज्या यंत्रात आत बसविलेला, न काढता येणारा घट असतो ते चार दिवस वीज नसल्यास निकामी होते. हाताने मूठ फिरवून वीज निर्माण करणारी यंत्रे मिळतात. मूळ कल्पना ट्रेव्हर बेलिस या ब्रिटिश संशोधकाची. आफ्रिकेतील खेड्यांत आरोग्याची माहिती पोहोचावी, पण घटांचा खर्च पडू नये, या हेतूने त्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी किल्लीवर चालणारा रेडिओ तयार केला. अशा यंत्राची मूठ मजबूत असेल तर ते उत्तमच. परंतु त्याच्या पाठीवरील सूर्यघटावर फारसा विश्वास ठेवू नये. ज्या आठवड्यात त्याची गरज पडेल त्या आठवड्यात सूर्य दिसणारच नाही.

यंत्राची जागा

रेडिओ विकत घेऊन कपाटावर ठेवला की काम संपले, अशी समजूत असते. प्रत्यक्षात चांगले ऐकू येणे हे यंत्राच्या किमतीपेक्षा त्याच्या जागेवर अधिक अवलंबून असते. भिलाईच्या सेक्टरांतील सदनिकांच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते. खोलीच्या मध्यभागी ती मध्यम लहरींना बऱ्याच अंशी अडविते. खिडकीपाशी नेताच आवाज सुधारतो. पत्र्याच्या छपराखालीही तीच अडचण येते.

मध्यम लहरींसाठी यंत्राच्या आत फेराइटची एक कांडी असते आणि तिच्यावर तारेचे वेढे असतात. ही कांडी बहुधा यंत्राच्या लांबीला समांतर असते. केंद्राकडून येणारी लहर कांडीला आडवी भेटली तर आवाज सर्वांत मोठा येतो. कांडीचे टोक केंद्राकडे असेल तर तो जवळजवळ नाहीसा होतो. रायपूर भिलाईच्या पूर्वेस आहे. म्हणून यंत्राची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे त्याचे तोंड पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे येईल. थोडे इकडेतिकडे फिरवून आवाज सर्वांत स्पष्ट येईल ती दिशा शोधावी आणि तेथे फळीवर खडूने खूण करावी. एफ. एम.साठी बाहेर ओढण्याची दांडी असते. शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर असल्याने तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे पाऊण मीटर दांडी आदर्श असते. लहान यंत्रातील दांडी बहुधा याहून आखूड असते, पण रायपूर जवळ असल्याने चालून जाते.

काही उत्साही लोक गच्चीवर तार ताणून ती यंत्राला जोडतात. दूरची केंद्रे ऐकण्याच्या छंदासाठी ते ठीक आहे. वादळाची सूचना मिळविण्यासाठी गच्चीवर तार बांधणे म्हणजे ज्याच्यापासून सावध राहावयाचे त्यालाच घरात आमंत्रण देणे होय. योग्य भूसंपर्क आणि तडितरक्षक यांविना अशी तार लावूच नये. असल्यास ढग दिसताच ती यंत्रापासून सोडवून घराबाहेर टाकावी. भिंतीतील विजेवर चालणारा रेडिओही वादळाच्या वेळी तारेपासून वेगळा करून घटांवर चालवावा. तारेवर दूर कोठे पडलेली वीजही प्रचंड दाबाचा झटका घरात आणू शकते.

जवळच्या विद्युत्-उपकरणांचा उपद्रव निराळा. नळीचे दिवे, दूरध्वनी भारित करणारी ठोकळेवजा साधने, पाण्याच्या पंपाची मोटार यांच्यामुळे मध्यम लहरींवर गुणगुण किंवा कडकड ऐकू येते. कारखान्याच्या शेजारी असलेल्या वसाहतीत, जेथे जोडकाम आणि मोठ्या मोटारी चालतात, तेथे ती अधिक असणे शक्य आहे. एकेक दिवा व साधन बंद करून पाहिले की अपराधी सापडतो. ही तपासणी निरभ्र दिवशी एकदा करून ठेवावी. त्यामागे आणखी एक हेतू आहे.

हवेत वीज चमकते तेव्हा अगदी लघू कंप्रतेपासून उच्च कंप्रतेपर्यंत सर्व प्रकारच्या लहरी एकाच क्षणी निर्माण होतात. त्यांतील शक्ती कमी कंप्रतेकडे अधिक असते आणि कंप्रता वाढेल तशी उतरत जाते. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात लहरीच्या उंचीतील चढउतार हाच संदेश असतो. विजेची लहर नेमकी ही उंची बदलते, म्हणून रेडिओत ‘कड्’ असा आवाज येतो. एफ. एम.मध्ये संदेश कंप्रतेच्या बदलात दडलेला असतो आणि ग्राहकयंत्र उंचीतील फरक छाटून टाकते. तेथे ही कडकड फारशी येत नाही. गाणी ऐकणाऱ्यास हा एफ. एम.चा गुण वाटतो. वादळाची चाहूल घेणाऱ्यास तो दोष आहे. मध्यम लहरींच्या पट्ट्याच्या खालच्या टोकास, ५३० किलोहर्ट्झच्या आसपास, जेथे कोणतेही केंद्र नाही अशा ठिकाणी काटा ठेवावा. नेहमीची एकसारखी खरखर ऐकू येईल. एखाद्या उकाड्याच्या दुपारी तीत अधूनमधून तुटक, तीक्ष्ण कडकडाट मिसळू लागला आणि तो दहा-पंधरा मिनिटांत दाट होत गेला, तर वादळ जवळ येत आहे असे समजावे. डोळ्यांना ढग दिसण्याआधी हे कळू शकते. पोपोव्हची घंटा हेच सांगत होती. निरभ्र दिवशी घरातील दिव्यांचे आवाज ओळखून ठेवले असले तर फसगत होत नाही. दिव्याची कळ दाबली की एकच ठोका येतो. मोटारीचा आवाज अखंड आणि एकसुरी असतो. विजेचे आवाज अनियमित असतात, कधी एकटे तर कधी जथ्याने येतात. या पद्धतीने दिशा किंवा अंतर मात्र नीट कळत नाही. मोसमी काळात दूरच्या विजाही खूप असल्याने तिच्यावर सर्वस्वी विसंबणे योग्य नव्हे.

अंतर कळण्याचा जुना उपाय आजही खात्रीचा आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तीनाने भागावे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून उत्तर किलोमीटरमध्ये येते. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. पुढली वीज आपल्याजवळही पडू शकते, आणि पक्क्या घरात जाण्याची वेळ तीच होय. पोलाद-कारखान्याच्या गावात मात्र एक सावधगिरी हवी. रात्री तप्त मळी ओतली जाते तेव्हा क्षितिजावरील ढग लाल-नारिंगी उजळतात आणि नवख्याला ती वीज वाटते. विजेचा प्रकाश निळसर-पांढरा आणि क्षणिक असतो, मळीचा उजेड हळूहळू चढतो आणि हळूहळू विझतो.

निवेदनाचा अर्थ

रेडिओ लागला, आवाज स्पष्ट आला, तरी सांगितलेल्याचा अर्थ कळला नाही तर उपयोग नाही. भारतीय हवामान खाते, ज्याची स्थापना १८७५ साली झाली, इशाऱ्यांसाठी चार रंग वापरते. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे. नारिंगी म्हणजे तयारीत राहावे. लाल म्हणजे आता कृती करावी. पिवळा रंग ऐकून घाबरून जाणे आणि नारिंगी ऐकून निवांत बसणे या दोन्ही चुका नित्य आढळतात. पावसाच्या शब्दांनाही निश्चित मापे आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अतिजोरदार’, आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. दुर्ग जिल्ह्यात वर्षभराचा पाऊस साधारण हजार ते बाराशे मिलिमीटर असतो. म्हणजे तिसऱ्या प्रकारातील एका दिवसात वर्षाचा सहावा-पाचवा हिस्सा कोसळतो, हे ध्यानात घेतले की या शब्दांचे वजन कळते. उन्हाळ्यात मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश होऊन सरासरीहून ४.५ अंशांनी अधिक झाले, अथवा प्रत्यक्ष ४५ अंशांस पोहोचले, की उष्णतेची लाट मानतात. या इशाऱ्याला गडगडाट नसतो, म्हणून तो कोणी मनावर घेत नाही. तापल्या पत्र्याखाली राहणाऱ्या वृद्धांना मात्र त्याची गरज विजेच्या इशाऱ्याइतकीच असते.

इशारे जिल्हावार दिले जातात. तेव्हा आपला जिल्हा दुर्ग, आणि शेजारचे रायपूर, बालोद, बेमेतरा, राजनांदगाव ही नावे कानांना ओळखीची हवीत. बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे २०१२ साली दुर्गमधून वेगळे झाले. जुन्या सवयीने तेथील शेतावर असलेला माणूस ‘दुर्ग’ या नावाची वाट पाहत राहिला तर स्वतःसाठी असलेला इशारा त्याच्या कानांवरून जाईल.

भिलाईत कामानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रात्री मध्यम लहरींवर दूरची केंद्रे लागतात, आणि त्यांत नागपूरचे मराठी निवेदन सापडले तर ते साहजिकच जवळचे वाटते. परंतु ते विदर्भासाठी असते. पावसाळ्यातील कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडून येतो आणि छत्तीसगड ओलांडून मग विदर्भाकडे किंवा मध्य प्रदेशाकडे वळतो. नागपूर ज्याची उद्यासाठी सूचना देत असते, ते भिलाईवर आजच कोसळत असण्याचा संभव असतो. भाषा परकी वाटली तरी या कामासाठी रायपूरचे हिंदी किंवा छत्तीसगढी निवेदनच ऐकावे. ओडिशातील बातम्यांवर लक्ष ठेवले तर एखाद्या दिवसाची आगाऊ कल्पनाही मिळते.

बातमीपत्रांच्या वेळा एका कागदावर लिहून यंत्राशेजारी लावाव्यात. वीज नसताना रेडिओ सारखा चालू ठेवण्याचे कारण नाही. ठराविक वेळी पाच मिनिटे ऐकून बंद केल्यास दोन साधे घट कित्येक दिवस पुरतात. पाळीवर काम करणाऱ्यांच्या घरी, जेथे एक माणूस रात्री दहाला निघतो आणि दुसरा त्याच सुमारास परततो, तेथे कोणी केव्हा ऐकावयाचे हे आधी ठरलेले असावे. सायकलवरून किंवा मोटारसायकलवरून कारखान्याच्या दाराकडे निघालेल्या माणसाला पाच मिनिटे थांबविणे, एवढेच काही वेळा या साऱ्या खटाटोपाचे फळ असते. शेजारच्या घरी, विशेषतः जेथे एकटी वृद्ध व्यक्ती राहते तेथे, कोणी दार वाजवावयाचे हेही ठरवून ठेवावे. १९८० च्या दशकातील किनाऱ्यावरचा भोंगाही कचेरीपर्यंतच पोहोचत असे. पुढचा निरोप माणूसच घेऊन जाई.

शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास आतच थांबावे. वादळाच्या मागील बाजूच्या विजाही तितक्याच घातक असतात आणि पाऊस थांबला म्हणून अंगणात आलेली माणसे त्यांना बळी पडतात. ऑक्टोबरच्या मध्यास मोसमी वारे परतले की यंत्रातील घट काढून ठेवावेत, नाहीतर ते झिरपून आतील स्प्रिंगा खातात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, वळवाचे ढग दिसू लागण्यापूर्वी, नवे घट घालून यंत्र पुन्हा एकदा खिडकीपाशी, दक्षिणोत्तर, लावून पाहावे.